काँगोचे दोन पडदे

इ. स. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या विख्यात कंपनीने ‘काँगो’ नावाचा एक बोलपट प्रदर्शित केला. नायक म्हणावा की खलनायक, असा संभ्रम पाडणारा एक गोरा मनुष्य त्याच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे नाव फ्लिंट. कमरेखालचे त्याचे शरीर लुळे पडलेले आहे. तो चाकांच्या खुर्चीतून वावरतो आणि खुर्ची नसेल तेव्हा नुसत्या हातांच्या बळावर जमिनीवरून देह ओढीत नेतो. आफ्रिकेच्या निबिड अरण्यात त्याचे ठाणे आहे आणि भोवतालच्या मुलुखात त्याचा शब्द हाच कायदा आहे. त्याच्यापाशी कोणा राजाची सनद नाही, की फौजफाटा नाही. साखरेच्या वड्या, दारू आणि जादूगाराच्या पोतडीतले चार हातचलाखीचे खेळ, एवढ्या भांडवलावर त्याने तेथील लोकांना आपल्या धाकात ठेवले आहे.

हे राज्य त्याने मांडले आहे ते एका सूडासाठी. ग्रेग नावाच्या प्रतिस्पर्ध्याने पूर्वी त्याची पत्नी नेली आणि लाथेच्या प्रहाराने त्याचा कणा मोडला. तेव्हापासून फ्लिंट दिवस मोजीत बसला आहे. ग्रेगची म्हणून ज्ञात असलेली मुलगी त्याने केप टाऊनच्या एका कॉन्व्हेंटमध्ये वाढू दिली. ती वयात येताच तिला झांजिबारच्या कुंटणखान्यात पोचवले. आणि मग तापाने व दारूने खंगलेली अशी ती आपल्या ठाण्यावर आणवली. व्यसनाने पोखरलेला एक डॉक्टरही त्याच्या तावडीत सापडला आहे. अखेर ग्रेगला तेथे बोलावून त्याच्यापुढे या मुलीची दुर्दशा उघडी केली जाते. परंतु ग्रेग कोसळत नाही, तो हसतो. कारण ती मुलगी त्याची नाहीच. ती फ्लिंटची स्वतःची मुलगी आहे. इतकी वर्षे जपलेला सूड आपल्याच रक्ताच्या माणसावर उगवल्याचे कळताच फ्लिंट बदलतो आणि मुलीला व डॉक्टरला निसटून जाण्यास अवधी मिळावा म्हणून स्वतः मागे राहून प्राण देतो.

ही कथा मूळची रंगभूमीवरची. चेस्टर डी व्हॉन्ड आणि किलबर्न गॉर्डन यांचे याच नावाचे नाटक १९२६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर झाले होते आणि तेथेही फ्लिंटची भूमिका वॉल्टर ह्यूस्टन या समर्थ नटाने केली होती. १९२८ साली दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग यांनी त्यावरून ‘वेस्ट ऑफ झांजिबार’ हा मूकपट काढला. त्यात लॉन चेनी यांनी रंगवलेला पंगू मनुष्य पूर्वायुष्यात लंडनच्या रंगमंचावरचा जादूगारच असतो. चार वर्षांनी बोलपट करताना दिग्दर्शक विल्यम कॉवेन यांनी जुन्या मूकपटातील काही दृश्येही वापरली. १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन भयपट अमेरिकेत गाजले होते आणि प्रत्येक कंपनी प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा करण्याच्या मागे लागली होती. हॉलीवूडची स्वयंनियंत्रणाची नियमावली १९३० साली कागदावर आली असली, तरी तिची कडक अंमलबजावणी १९३४ पर्यंत व्हायची होती. म्हणूनच ‘काँगो’मध्ये छळ, व्यसन आणि अनाचार यांचे जे उघडे दर्शन घडते, ते दोनच वर्षांनी पडद्यावर येऊ शकले नसते.

या चित्रपटाने प्रेक्षकाला भय दाखवले, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ते भय कशाचे दाखवले, हा. रात्रभर घुमणारे नगारे, मुखवटे, मशालींच्या उजेडात नाचणाऱ्या काळ्या आकृती, दलदल आणि जळवा ही त्याची सामग्री. तेथील मूळ रहिवासी पडद्यावर झुंडीने येतात आणि झुंडीनेच जातात. त्यांतल्या एखाद्याला नाव असलेच, तर ते गोऱ्या धन्याने थट्टेने पाडलेले टोपणनाव. मृत पुरुषाबरोबर त्याच्या घरच्या स्त्रीला जाळण्याची चाल त्यांच्या माथी मारली आहे आणि कथेचा शेवटचा थरार त्या चितेवरच उभा आहे. सतीच्या प्रथेचा आणि १८२९ साली तिच्यावर आलेल्या बंदीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, अशा भारतीय प्रेक्षकाला ही चाल पाहून नवल वाटावे. काँगो म्हणजे काळोख आणि काळोखात काहीही घडू शकते, एवढ्या गृहीतकावर एका देशाची कल्पना दुसऱ्याच्या नावे खुशाल लावली गेली.

परंतु काँगोचे भय अंधाऱ्या सभागृहात पांढऱ्या पडद्यावर दिसण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षे इंग्लंड-अमेरिकेतील प्रार्थनामंदिरांत आणि नगरभवनांत काँगोची दुसरीच चित्रे दाखवली जात होती. ती हलती नव्हती. काचेच्या पट्ट्यांवरून जादूच्या दिव्याने मोठी करून दाखवलेली ती छायाचित्रे होती. त्यांत काय होते हे समजण्यासाठी काँगोच्या इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे.

१८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली आणि त्याच सुमारास मध्य आफ्रिकेतील एका विस्तीर्ण प्रदेशावर बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची सत्ता मान्य झाली. हा मुलूख बेल्जम देशाला मिळाला नव्हता. तो राजाला व्यक्तिशः मिळाला होता. त्याचे क्षेत्रफळ बेल्जमच्या सुमारे पंचाहत्तर पट होते आणि त्याला नाव देण्यात आले ‘काँगोचे स्वतंत्र राज्य’. लिओपोल्डने जन्मात एकदाही तेथे पाऊल ठेवले नाही. गुलामांचा व्यापार बंद करणे आणि सुधारणेचा प्रकाश नेणे हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते. प्रारंभी मिळकत होती ती हस्तिदंताची. पण १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव प्रचारात आणली. पुढे सायकली आणि मोटारी वाढल्या, रबराला सोन्याचे मोल आले, आणि काँगोच्या जंगलात तर रबराच्या वेली आपोआप वाढत होत्या. त्या वेलींतून चीक काढायला माणसे मात्र आपोआप येणार नव्हती.

ती आणण्यासाठी जी पद्धत बसवण्यात आली, तिच्यात गुंतागुंतीचे काही नव्हते. राज्याने गावागावाच्या भोवतालची मोकळी जमीन आपली म्हणून जाहीर केली आणि तिच्यातील रबरही आपले ठरवले. प्रत्येक गावावर रबराचा हिस्सा बसवला. पुरुषांनी तो आणावा म्हणून त्यांच्या बायका ओलीस ठेवल्या. हिस्सा कमी पडला तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक होता, आणि गावाने बंड केले तर बंदूकधारी शिपाई होते. शिपायांनी काडतुसे शिकारीत उडवू नयेत म्हणून प्रत्येक काडतुसामागे मारलेल्या माणसाचा उजवा हात हिशेबाला लावावा, असा परिपाठ पडला. ज्याने काडतूस शिकारीत खर्च केले, तो जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवू लागला. १९१९ साली बेल्जन सरकारच्याच एका समितीने असा अंदाज केला की, या अमलास प्रारंभ झाल्यापासून काँगोची लोकसंख्या निम्म्यावर आली होती.

ही गोष्ट उजेडात आणण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत दोघे कागदपत्रांत आयुष्य घालवणारे होते. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्पच्या धक्क्यावर त्याच्या ध्यानात आले की काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत भरून येतात, आणि परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका व दारूगोळाच असतो. व्यापारात देणे आणि घेणे दोन्ही असतात; येथे नुसते घेणे होते. मग तेथील माणसे काम करतात ती कशाच्या बदल्यात? हिशेबाच्या वहीतून उठलेल्या या एका प्रश्नावर त्याने नोकरी सोडली आणि पुढे १९०४ साली काँगो सुधारणा संघ स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

दुसरा रॉजर केसमेंट, ब्रिटिश सरकारचा काँगोमधील वकील. १९०३ साली तो नदीमार्गाने अंतर्भागात गेला. राज्याच्या बोटीतून गेल्यास राज्य दाखवील तेवढेच दिसेल, हे ओळखून त्याने एका मिशनची छोटी आगबोट भाड्याने घेतली. गावोगाव उतरून त्याने माणसांच्या जबान्या घेतल्या. कोणाचा हात केव्हा, कोणाच्या हुकमाने तुटला हे टिपून ठेवले. त्याचा अहवाल १९०४ च्या प्रारंभी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परंतु वरिष्ठांनी तो छापताना माणसांची आणि ठिकाणांची नावे काढून तेथे नुसती अक्षरे घातली. केसमेंटने त्याला कडक हरकत घेतली. नावाशिवाय साक्ष म्हणजे अफवा, हे त्याचे म्हणणे होते. सरकारी लिखाणाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या हरकतीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या माणसाचे नाव टिपणातून गळाले की त्याचे दुःख हा एक प्रकार होऊन बसतो.

ही उणीव छायाचित्राने भरून काढली. काँगोतील बारिंगा या ठिकाणी अॅलिस सीली हॅरिस ही इंग्रज मिशनरी स्त्री आपल्या पतीसह राहत होती. १९०४ च्या मे महिन्यात न्साला नावाचा एक गावकरी तिच्या दारी आला. त्याच्या हातात पानांत गुंडाळलेली एक पुरचुंडी होती. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलीला मारले होते. मुलीचे नाव बोआली. तिचा एक हात आणि एक पाऊल एवढेच त्याच्यापाशी उरले होते. मिशनच्या ओट्यावर बसून समोर ठेवलेल्या त्या दोन लहानग्या अवयवांकडे पाहणारा न्साला हॅरिसबाईंनी कॅमेऱ्यात टिपला. ज्या कंपनीचे ते पहारेकरी होते, तिच्या मूळ नावात ‘इंडिया रबर’ हे शब्द होते. त्यातल्या ‘इंडिया’चा आपल्या देशाशी संबंध नव्हता, रबराला इंग्रजीत तसेच म्हणण्याची तेव्हा रीत होती. वही पुसायला आणि चाके फिरवायला लागणाऱ्या एका निरुपद्रवी वस्तूचे ते नाव होते.

हे आणि अशी इतर छायाचित्रे घेऊन हॅरिस पतिपत्नी इंग्लंड-अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत हिंडली. दिवे मालवले जात आणि पडद्यावर न्साला दिसे. मार्क ट्वेन यांनी १९०५ साली लिओपोल्डच्या तोंडी एक उपरोधिक स्वगत लिहिले. त्यात राजाची सर्वांत मोठी तक्रार आहे ती कॅमेऱ्याविरुद्ध, कारण या साक्षीदाराला पैसे चारून गप्प करता येत नाही. लोकमताचा रेटा वाढला, राजाने स्वतः नेमलेल्या चौकशी मंडळालाही मुख्य आरोप खरे मानावे लागले, आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये काँगो राजाच्या मालकीतून बेल्जम देशाच्या ताब्यात गेला. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सच्या राजवाड्याच्या आवारात राज्याचे दफ्तर भट्टीत घालण्यात आले. आठ दिवस ते जळत होते. चित्रपटाने काँगोच्या रानात दाखवलेली चिता कल्पित होती. ही आग मात्र खरी होती, आणि ती युरोपच्या राजधानीत पेटली होती.

आता पुन्हा १९३२ च्या बोलपटाकडे पाहिले, म्हणजे त्याची दोन अंगे वेगवेगळी दिसू लागतात. एका अंगाने त्याने खरेच सांगितले आहे. अरण्यातला जुलूम रानातून उगवत नाही, तो बाहेरून आलेल्या माणसाने मांडलेला असतो, हे फ्लिंटकडे पाहून कोणालाही उमगते. लोकांना हव्या असलेल्या वस्तूंवर एकाची मक्तेदारी, दारूची सवय, चमत्काराचा आव आणि जोडीला जिवाची भीती, ही त्याची आयुधे काल्पनिक नाहीत. मुलीला कोंडून बापाला नमवण्याचा त्याचा डाव काँगोतील ओलीस पद्धतीचीच घरगुती आवृत्ती आहे. स्वतः चालू न शकणारा राजा दुसऱ्यांच्या खांद्यांवरून हिंडतो, हे चित्र तर वसाहतीच्या राज्ययंत्राचे नेमके रूपक ठरते. निर्मात्यांच्या मनात ते नसेल. पण पडद्यावर ते आहे.

दुसऱ्या अंगाने मात्र या कथेने खऱ्या गोष्टीवर पांघरूण घातले. फ्लिंटच्या क्रौर्याला एक कारण दिले आहे: त्याची पत्नी गेली, त्याचा कणा मोडला. तो दुखावलेला आहे म्हणून दुष्ट आहे. लिओपोल्डचे कोणीही काही नेले नव्हते. त्याच्या कारभाऱ्यांचा त्या रानातल्या माणसांवर राग नव्हता, सूड उगवायचा नव्हता. त्यांच्यापाशी होती ती हिश्शाची वही आणि काडतुसांचा हिशेब. शांत डोक्याने, नेमून दिलेल्या वेळी, वरून आलेल्या हुकमाप्रमाणे झालेला हा जुलूम एका वेड्या सूडकऱ्याच्या माथी मारला, की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. खलपुरुष मेला, मुलगी सुटली, गोष्ट संपली. व्यवस्थेला मात्र असा शेवटचा अंक नसतो.

सर्वांत मोठा भेद आहे तो दोन बापांचा. पहिल्या पडद्यावर न्साला आपल्या मुलीच्या अवशेषांकडे पाहत बसला आहे. दुसऱ्या पडद्यावर फ्लिंटला, आपण जिला छळले ती आपलीच मुलगी, हे कळते आणि त्याचे काळीज फाटते. चित्रपटातील करुणेचा सारा झरा त्या एका वाक्यापासून सुरू होतो. ती त्याची मुलगी नसती, तर? ग्रेगची असती, किंवा त्या मुखवट्यांमागच्या एखाद्या माणसाची असती, तर? कथेला हा प्रश्न पडत नाही. रक्ताचे नाते उघडकीस आल्यावरच अन्याय हा अन्याय ठरतो, असा तिचा न्याय आहे. हॅरिसबाईंच्या पडद्यासमोर बसलेल्या श्रोत्यांचे न्सालाशी कसलेच नाते नव्हते. तरी ते हलले.

‘काँगो’ निघाला तेव्हा लिओपोल्डची राजवट संपून चोवीस वर्षे झाली होती, आणि ही जुनी कथा म्हणून सोडून द्यावी असे कोणी म्हणेल. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३१ मध्ये, बेल्जन काँगोतील पेंडे लोकांनी बंड केले होते. जागतिक मंदीने पामच्या फळांचा भाव कोसळला, कर मात्र तेच राहिले, आणि तेलाच्या कंपनीसाठी फळे तोडण्याची सक्ती वाढली. बालो नावाचा एक बेल्जन अंमलदार मारला गेला. त्यानंतर सैन्याने जे दमन केले, त्यात पाचशेहून अधिक पेंडे ठार झाले. हा होता अरण्यातला खरा जुलूम आणि खरा सूड. स्टुडिओत उभारलेल्या जंगलात त्याचा आवाज पोचला नाही.

त्या काळी साम्राज्यांना पडद्याची भीती वाटत नव्हती असे नाही. हिंदुस्थानात १९१८ च्या कायद्यान्वये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे चित्रपट-निरीक्षण मंडळे स्थापन झाली होती. १९२७ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे जे प्रश्न आले, त्यांत एक असा होता की, पाश्चात्य चित्रपटांतील हीन प्रसंग पाहून एतद्देशीयांच्या मनातून गोऱ्या लोकांची प्रतिष्ठा उतरते काय? काळ्या माणसाला पडद्यावर कसे दाखवले जाते, याची चिंता राज्यकर्त्यांना नव्हती. गोरा माणूस व्यसनी, दुराचारी दिसतो आणि तो पाहणारे काळेसावळे प्रेक्षक काय समजतील, ही त्यांची चिंता होती. त्या दृष्टीने पाहता फ्लिंटसारखे पात्र साम्राज्याला अडचणीचेच होते. जादूगाराच्या पोतडीत काय आहे हे एकदा प्रेक्षकाने पाहिले, म्हणजे जादू चालत नाही.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या समारंभात बेल्जमचे राजे बोदुएँ यांनी आपले पूर्वज लिओपोल्ड यांच्या प्रतिभेची स्तुती केली. कार्यक्रमपत्रिकेत नाव नसलेले पंतप्रधान पॅत्रिस लुमुंबा त्यानंतर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आपल्या लोकांनी सोसलेल्या अपमानांची यादी वाचली. तीत चाबूक होता, हिरावलेली जमीन होती, आणि आणखी एक बारीकशी गोष्ट होती. काळ्या माणसाला गोरा नेहमी एकेरीत हाक मारी. ती मैत्रीची एकेरी नव्हती, तर ‘आपण’ म्हणण्याचा मान फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता, असे त्यांनी सांगितले. ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ यांतले अंतर ज्या भाषेत रोज पाळले जाते, त्या भाषेच्या श्रोत्याला या तक्रारीची धार निराळी सांगायला नको. लुमुंबांची सात महिन्यांच्या आत हत्या झाली. २०२० साली, स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षदिनी, बेल्जमचे राजे फिलिप यांनी काँगोच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून त्या काळातील अत्याचारांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला.

‘काँगो’ हा बोलपट आज जुन्या भयपटांच्या जिज्ञासूंपुरता उरला आहे आणि ह्यूस्टन यांच्या अभिनयासाठी तो पाहण्याजोगाही आहे. मात्र तो पाहताना त्यातल्या झुंडीकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. नगाऱ्यांच्या मागे, मशालींच्या धुरात उभ्या असलेल्या त्या आकृत्यांना कथेने नावे दिलेली नाहीत. इतिहासाला मात्र त्यांतली दोन नावे ठाऊक आहेत. बापाचे नाव न्साला होते, आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचे नाव बोआली होते.